महागाचे तेल

बत्तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. घर्षणाचा धडा आला की मी फळ्याचे दोन भाग करीत असे. डावीकडे लिहायचे ‘घर्षणाचे फायदे’ आणि उजवीकडे ‘घर्षणाचे तोटे’. घर्षण नसते तर आपल्याला चालता आले नसते, काडी पेटली नसती, गाडीला ब्रेक लागला नसता. आणि घर्षण असते म्हणूनच यंत्र तापते, झिजते आणि त्याला तेल घालावे लागते. मुले हे वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत पाचपैकी पाच गुण मिळवीत. हाच धडा निवृत्तीनंतर मला स्वतःला पुन्हा शिकावा लागला. या वेळी गुण देणारे होते आमच्या नाक्यावरचे गॅरेजवाले मिस्त्रीमामा, आणि मला मिळाले शून्य.

तेलाचा नाद आमच्या घरात तसा जुना. वडिलांकडे, म्हणजे आमच्या अण्णांकडे, साडेतीनशे सीसीची बुलेट होती. १९७४ साली त्यांनी ती एका निवृत्त सुभेदारांकडून घेतली. उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक असा आजच्या मुलांना उलटा वाटणारा तिचा कारभार. दिवाळीच्या आदल्या रविवारी अण्णा अंगणात पोते अंथरून बसत आणि तिचे तेल बदलत. आई म्हणायची, “यांच्या घरात अभ्यंगस्नानाचा पहिला मान गाडीचा. मग आपला.”

त्या गाडीत तेल घालायच्या जागा तीन. एक इंजिन. दुसरी डाव्या बाजूचे मोठे झाकण. त्याच्या आत इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी आणि खुद्द क्लच. तिसरी जागा म्हणजे मागचा स्वतंत्र गिअरबॉक्स. अण्णा पहिल्या दोन जागी मोटारीचेच ४० नंबरचे तेल घालीत. गिअरबॉक्ससाठी मात्र ९० नंबरचे दाट गिअर ऑइल. मी तेव्हा सातवीत होतो. मी विचारले, “अण्णा, ९० नंबर म्हणजे ४० नंबरच्या दुपटीहून दाट ना?”

अण्णा हसले. म्हणाले, “तुझी चप्पल किती नंबरची? चार. माझा सदरा किती नंबरचा? बेचाळीस. मग माझा सदरा तुझ्या चपलेच्या दहापट का रे? अरे, दोन्हींची पट्टीच वेगळी. गिअर ऑइलची मोजायची पट्टी वेगळी, इंजिन ऑइलची वेगळी.”

पुढे विज्ञानशिक्षक झाल्यावर मी ते पडताळून पाहिले. अण्णांचे खरे होते. गिअर ऑइलचा ९० नंबर हा दाटपणात इंजिन ऑइलच्या ४० ते ५० नंबरच्या आसपासच येतो. त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण गाडीबरोबर आलेले पुस्तक त्यांनी पोथीसारखे वाचले होते. त्याच्या समासात ते तेल बदलल्याच्या तारखा लिहून ठेवीत.

अण्णांकडून मी पुष्कळ गोष्टी शिकलो. त्यातलीच एक म्हणजे, ‘मोटारीचे चांगले तेल मोटारसायकललाही चालते.’ त्यांच्या काळात ते खरेही होते. त्या एका वाक्याने चाळीस वर्षांनी आमच्या घरात काय घडवले, ते आता सांगतो.

वाढदिवसाची भेट

आमचे चिरंजीव भोसरीच्या एका कारखान्यात नोकरीला. २०१३ मध्ये त्याने हप्त्यावर दीडशे सीसीची मोटारसायकल घेतली. आम्ही दोघे साताऱ्याला. दर शनिवारी संध्याकाळी तो पुण्याहून निघे, सुमारे एकशेदहा किलोमीटर येई आणि सोमवारी पहाटे परत जाई. २०१५ मध्ये मी निवृत्त झालो. हातात वेळ आला की माणसाला दुसऱ्याच्या कामात लक्ष घालावेसे वाटते. माझे लक्ष त्या गाडीवर गेले.

मे २०१६ मध्ये त्याचा वाढदिवस आला. शर्टपीस आणि पाकीट देऊन झाली होती. या वेळी वाटले, त्याच्या गाडीला उत्तम तेल द्यावे. मी मोटारींच्या सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो आणि सांगितले, “तुमच्याकडचे सर्वांत भारी ऑइल दाखवा.” दुकानदाराने चकचकीत डबा पुढे केला. पूर्ण सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०. किंमत नेहमीच्या तेलाच्या दुपटीहून जास्त. मोटारसायकलसाठी हवे आहे, हे मी त्याला सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. माझ्या मनात हिशेब सोपा होता : लाख-लाख रुपयांच्या मोटारींना जे चालते, ते आमच्या दुचाकीला अमृतच होणार.

रविवारी सकाळी अण्णांसारखेच पोते अंथरले. जुने काळे तेल काढले, नवे मधासारखे तेल ओतले. चिरंजीव शेजारी उभा राहून पाहत होता. त्याने डबा हातात घेतला, फिरवून पाहिला. म्हणाला, “बाबा, पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलंय.”

मी म्हणालो, “अरे, हे त्याच्या वरचं आहे. आजोबांच्या बुलेटला आयुष्यभर मोटारीचंच तेल घातलं. काही बिघडलं का?”

तो काही बोलला नाही. त्याचे ते गप्प बसणे मी संमती समजलो.

खंबाटकीच्या घाटात

पुढे पाच आठवड्यांनी, जूनच्या शेवटच्या शनिवारी, सौ. पुण्याहून परत यायची होती. तिच्या बहिणीचे ऑपरेशन झाले होते म्हणून ती आठ दिवस तिकडे राहिली होती. चिरंजीव म्हणाला, “आई, एस.टी.ची गर्दी कशाला, माझ्याबरोबरच चल.” पाऊस होता, पण बेताचा. दोघे साडेसहाला निघाले.

खंडाळा मागे पडले आणि खंबाटकीचा घाट लागला. पुण्याहून साताऱ्याकडे येणारी वाहने घाटाच्या रस्त्याने चढत आणि साताऱ्याहून पुण्याला जाणारी बोगद्यातून जात, हे त्या रस्त्याने गेलेल्यांना ठाऊक असेल. म्हणजे चढाचा सगळा भार येणाऱ्यांवर. अंधार पडला होता, पुढे-मागे मालाचे ट्रक. दुसऱ्या वळणापाशी चिरंजीवाने पुढच्या ट्रकला ओलांडण्यासाठी ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन किंचाळले, पण गाडी पुढे गेलीच नाही. उलट वेग कमी झाला. त्याने गिअर खाली घेतला, तरी तेच. आवाज मोठा आणि जोर नाही. जळका वास येऊ लागला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि तो इतक्या जवळून निघून गेला की सौ.चा पदर वाऱ्याने ओढला गेला. चिरंजीवाने गाडी कशीबशी कडेला घेतली. घाईने उतरताना ओल्या मातीत सौ.चा पाय घसरला आणि गुडघा दगडावर आपटला.

उरलेला चढ चिरंजीवाने गाडी ढकलत पार केला आणि सौ. लंगडत त्याच्यामागून चालली. माथ्यावर आल्यावर दोघे बसले. उतार तसाच उतरले, मग सुरूर, भुईंज, पाचवड करीत बैलगाडीच्या वेगाने साताऱ्याला पोचले. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तोवर मी फाटकाशी येरझाऱ्या घालीत होतो.

काळजी ओसरली की तिचा राग होतो. सौ.चा सुजलेला गुडघा पाहिला आणि मी चिरंजीवावर बरसलो. शेजारचे दोघे-तिघे विचारपूस करायला आले होते, त्यांच्यासमोरच. “क्लच अर्धा दाबून गाडी चालवायची सवय आहे तुला! प्लेटा जाळल्यास. आईला मागे बसवलंय एवढं तरी भान ठेवायचं. एवढं भारी तेल घालून दिलं, त्याचं हे केलंस?”

तो मान खाली घालून ऐकत होता. सोमवारी गाडी अंगणातच ठेवून तो एस.टी.ने गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोनवर आईशी बोले, तिच्या गुडघ्याची चौकशी करी आणि ठेवून देई.

रहाटाचा कणा आणि दोरीचा हात

तिसऱ्या आठवड्यात मी गाडी ढकलत मिस्त्रीमामांकडे नेली. वय पासष्टीच्या पुढे, अंगात निळा डगला, कानावर पेन्सिल. मी मोठ्या आवाजात सांगितले, “मुलाने क्लच जाळलाय. बघा.”

मामांनी आधी क्लचची केबल तपासली. दांडीला जेवढी ढील हवी तेवढी होती. केबल ताणलेली राहिली तरी क्लच घसरतो, म्हणून पाहणी तिथून सुरू करायची, हे त्यांनीच सांगितले. मग विचारले, “गुरुजी, तेल कुठलं घातलंय?”

मी अभिमानाने सांगितले. रिकामा डबाही घरून आणून दाखवला. मामांनी चष्मा लावला. डबा फिरवून मागच्या बाजूची एक गोल चकती काढली आणि तिच्या खालच्या अर्धुकावर काळे बोट ठेवले. “हे वाचा.” बारीक अक्षरांत ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे लिहिले होते. “आता ‘जासो’ कुठं लिहिलंय का शोधा.” मी सगळा डबा पालथा घातला. कुठेच नव्हते.

“मुलानं नाही जाळला क्लच,” मामा शांतपणे म्हणाले. “तेलानं घसरला, आणि घसरून घसरून जळला.”

मी वाद घालू लागलो. अण्णांची बुलेट, मोटारीचे तेल, सगळे ऐकवले. मामांनी ऐकून घेतले आणि विचारले, “गुरुजी, गावी विहीर होती ना? रहाटाच्या कण्याला तेल घालायचात?”

“घालायचो की.”

“आणि दोरी ओढणाऱ्या हाताला?”

मी गप्प झालो.

“कण्याला तेल नाही मिळालं तर कणा झिजतो. हाताला तेल लागलं तर दोरी सुटते, बादली विहिरीत. मोटारीत या दोन गोष्टी दोन ठिकाणी असतात. तुमच्या या गाडीत कणा आणि हात दोन्ही एकाच तेलात बुडालेले आहेत. म्हणून या तेलानं कण्याला सुळसुळीत ठेवायचं आणि हाताची पकडही सोडवायची नाही. हे काम सगळ्या तेलांचं नाही.”

फळ्याचे डावे-उजवे भाग माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. घर्षणाचे फायदे आणि तोटे. बत्तीस वर्षे शिकवले, पण हे दोन्ही रकाने एकाच भांड्यात असू शकतात, हे मला सुचले नव्हते.

मामांनी क्लच उघडला. एक घर्षणाची प्लेट, एक पोलादी, पुन्हा घर्षणाची, अशी ती चळत. खरखरीत असायला हव्या त्या प्लेटा काचेसारख्या चमकत होत्या. पोलादी चकत्यांवर तापून निळसर डाग पडले होते. “सगळ्याच गाड्या घसरतात असं नाही,” मामा म्हणाले. “प्लेटा नव्या, स्प्रिंगा कडक, सपाट रस्ता, एकटा माणूस, मग असलं तेलही खपून जातं. इथं तीन वर्षांच्या प्लेटा, दोन माणसं, वर घाट. सगळं एकदम जुळून आलं.”

त्यांनी नव्या प्लेटा घातल्या. आधी योग्य प्रकारचे साधे तेल भरून गाडी थोडी चालवली, ते काढून टाकले आणि मग पुन्हा ताजे भरले, म्हणजे आतल्या कोनाकोपऱ्यांत राहिलेले जुने तेल निघून जावे. बिल झाले सतराशे रुपये. माझे ‘अमृत’ धरून हा वाढदिवस चांगलाच महाग पडला.

अण्णा चुकले नव्हते

पण एक प्रश्न मला झोपू देईना. अण्णांच्या बुलेटचाही क्लच तेलातच होता. मग तिला मोटारीचे तेल का चालले? मी गाडीचे पुस्तक काढले, मामांना पुन्हा पुन्हा छळले, जे मिळेल ते वाचले. उत्तर असे निघाले.

अण्णांच्या काळी मोटारीचे तेल साधे होते. पुढे मोटारी बनवणाऱ्यांना पेट्रोलची बचत हवी झाली. त्यासाठी तेले पातळ होत गेली आणि त्यांत घर्षण आणखी कमी करणारी रसायने पडू लागली. मोटारीचा क्लच सहसा इंजिनाच्या बाहेर कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचे तेल वेगळे, त्यामुळे तिचे काही बिघडले नाही. बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांचा संसार एकाच तेलावर. तिथे ही रसायने क्लचच्या प्लेटांवर बसू लागली. म्हणून जपानच्या वाहन-मानक संस्थेने १९९८ मध्ये चार-स्ट्रोक दुचाकींच्या तेलांसाठी वेगळी प्रतवारी ठरवली. तीच ‘जासो’. ओल्या क्लचच्या गाड्यांसाठी ‘एमए’ आणि ज्यांचा क्लच तेलात नसतो अशा स्कूटरांसाठी कमी घर्षणाचे ‘एमबी’. २००६ मध्ये एमएचे आणखी दोन भाग झाले, एमए१ आणि एमए२. दोन्हींत एमए२ची पकड अधिक.

म्हणजे अण्णा चुकले नव्हते. त्यांचे वाक्य त्यांच्या काळापुरते बरोबर होते. चुकलो मी. त्यांचे वाक्य मी पाठ केले, पण त्यांची सवय उचलली नाही. अण्णा पुस्तक वाचून तेल घालीत. मी किंमत वाचून घातले.

तेल घेताना काय पाहावे

ज्यांच्या घरी दुचाकी आहे अशा वाचकांना उपयोगी पडेल म्हणून, सतराशे रुपये आणि तीन शनिवार मोजून मिळवलेले हे ज्ञान इथे देतो.

पहिली गोष्ट, आपल्या गाडीत तेलाच्या जागा किती, हे जाणून घ्यावे. बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत एकच. जुन्या बुलेटमध्ये तीन. २००९ मध्ये बाजारात आलेल्या क्लासिकसारख्या नव्या घडणीच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र आले, त्यामुळे जुन्या बुलेटचा मंत्र तिथे चालत नाही. कोणाकडे अजून जुनी दोन-स्ट्रोक गाडी जपलेली असेल, तर तिचे पेट्रोलबरोबर जळणारे तेल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे. एकाचे दुसऱ्यात घालू नये. बिनागिअरच्या पेट्रोल स्कूटरलाही मागच्या चाकापाशी थोडेसे गिअर ऑइल असते. इंजिनाचे तेल वेळेवर बदलणारी माणसे याला हमखास विसरतात.

दुसरी गोष्ट, डब्यावरचा आकडा. १०डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहील ते सांगतो, दुसरा आकडा तापल्यावर ते किती दाट राहील ते. उन्हाळा कडक म्हणून आपल्या मनाने दाट तेल घालू नये आणि ॲव्हरेज वाढावे म्हणून पातळही घालू नये. गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच. इंजिन बनवणाऱ्याने आतल्या फटी मोजून तो ठरवलेला असतो.

तिसरी आणि माझ्या चुकीची गोष्ट, गिअरच्या मोटारसायकलला डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ पाहावे. पुस्तकात ज्याचा उल्लेख असेल ते घ्यावे. ‘एमबी’ असेल तर ते ओल्या क्लचसाठी नाही. गोल चकतीच्या खालच्या भागात ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ किंवा ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ दिसले तर तो डबा मोटारसायकलसाठी उचलू नये. सिंथेटिक तेलाने क्लच घसरतो, असे पुष्कळ जण सांगतात. तसे नाही. सिंथेटिकमध्येही एमए२ मिळते. दोष सिंथेटिकपणाचा नसतो, त्यात मिसळलेल्या रसायनांचा असतो.

चौथी गोष्ट गिअरांची. मोटारसायकलच्या तेलाला गिअरांच्या दात्यांत सतत भरडले जावे लागते. तापल्यावरही तेल दाट राहावे म्हणून त्यात लांब साखळ्यांचे घटक घातलेले असतात. दात्यांत सापडून त्या साखळ्या तुटत जातात आणि तेल पातळ होते. तेल कमी झालेले दिसले नाही, तरी ते थकलेले असते. गिअर जड पडू लागले, न्यूट्रल सापडेना, की बरेचदा तेलाचीच हाक असते. म्हणून पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला ते बदलावेच.

पाचवी गोष्ट जुन्या गाड्यांसाठी. वेगळ्या गिअरबॉक्ससाठी ९० नंबरचे तेल घेताना त्यावर ‘जीएल-४’ की ‘जीएल-५’ हे पाहावे. जीएल-५ मध्ये जबर दाब सोसणारी गंधकयुक्त रसायने जास्त असतात. काही तेलांतली ही रसायने पितळ आणि कांस्याच्या बुशांना खाऊ शकतात. इथेही वरचा नंबर म्हणजे वरची प्रत, असे धरू नये.

आणि किरकोळ, पण महत्त्वाचे : तेल कोमट असताना काढावे, म्हणजे गाळासकट निघते. पातळी पाहताना गाडी सरळ उभी असावी. तेल जास्त भरणे हेही कमी भरण्याइतकेच वाईट. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाकावा, नाहीतर त्यात भेसळीचे तेल भरून तो पुन्हा कोणाच्या तरी पदरी पडतो. काढलेले काळे तेल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे, म्हणजे ते गोळा करणाऱ्यांकडे जाते.

त्याचे गप्प बसणे

गाडी दुरुस्त झाली, पण खरी दुरुस्ती बाकी होती. चौथ्या शनिवारी मी एस.टी.ने पुण्याला गेलो. चिरंजीवाच्या खोलीवर पोचलो तेव्हा तो नुकताच कामावरून आला होता. मला दारात पाहून घाबरलाच. “आई बरी आहे ना?”

“आई बरी आहे. मी आलोय ते दुसऱ्या कामाला.” पुढचे वाक्य वाटेत शिरवळपासून पाठ केले होते, तरी नीट निघेना. शेवटी म्हणालो, “क्लच तू नाही जाळलास. माझ्या तेलानं जळला. शेजाऱ्यांसमोर तुला नाही नाही ते बोललो. चूक माझी.”

तो बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बाबा, मला माहीत होतं.”

“काय?”

“दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. वरच्या गिअरला ॲक्सिलरेटर दिला की नुसता आवाज वाढायचा. कंपनीतल्या एका मित्रानं सांगितलं, तेल बदल म्हणून. पण तुम्ही इतक्या हौसेनं घातलं होतं. पोतं अंथरून, अगदी आजोबांसारखं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ठेवलं तसंच. म्हटलं, सर्व्हिसिंगला काढू. पण आईला घेऊन निघायला नको होतं. ती चूक माझी.”

मी त्याला ओरडलो तेव्हा हे एक वाक्य बोलून तो मोकळा झाला असता. तो बोलला नाही. आणि त्याला ते बोलता आले नाही, याचे कारण तेलाच्या डब्यावर नव्हते, माझ्यात होते. ‘पुस्तकात वेगळं लिहिलंय’ असे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी आजोबांचे नाव पुढे करून त्याचे तोंड बंद केले. वर्गात मुलाने शंका विचारली की मला आनंद व्हायचा. घरात विचारली की तो उद्धटपणा वाटला. आणि मला वाईट वाटू नये म्हणून तो गप्प राहिला, त्याची किंमत तिच्या गुडघ्याने मोजली.

त्या रात्री आम्ही दोघे बाहेर जेवलो. बोललो फारसे नाही. पण दुसऱ्या दिवशी साताऱ्याला एस.टी.ने बरोबर आलो. खंबाटकी चढताना दुसरे वळण आले, तेव्हा दोघांनीही खिडकीबाहेर पाहिले आणि दोघेही काही बोललो नाही.

आता त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. चिरंजीवाने मधे चारचाकी घेतली, पण ती मोटारसायकल अजून आमच्याकडे आहे. भाजीला, पोस्टात मीच नेतो. अण्णांची बुलेट त्यांच्यामागे आम्ही एका हौशी तरुणाला दिली; ते पुस्तक मात्र ठेवून घेतले. त्याच्याशेजारी मोटारसायकलचे पुस्तकही ठेवले आहे, आणि त्याच्या समासात तारखा आहेत. काही माझ्या अक्षरात, काही चिरंजीवाच्या.

तेल बदलायचे असले की तो रविवार पाहून येतो. पोते मी अंथरतो. पण डबा आधी सौ.च्या हातात जातो. घाटात गुडघा तिने फोडून घेतला असल्यामुळे हा मान तिचा, त्यावर कोणाचे काही चालत नाही. ती चष्मा लावते, मोठ्याने वाचते, “१०डब्ल्यू-३०. जासो एमए२. खालच्या अर्धुकात काही नाही.” मग चिरंजीव झाकण उघडतो, डबा माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, “बाबा, तुम्हीच ओता.”